बेळगावहून कारवारला मासे खायला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बेळगाव-खानापूर भागात मासे खाणारी माणसं भरपूर, पण समुद्र घाटाखाली. त्यामुळे कॅम्पातल्या फिश मार्केटात किंवा आठवडी बाजारात आपल्याला मिळते ती मासळी गोवा, कारवार, मालवणकडून बर्फात बसून घाट चढून आलेली असते. ती वाईट नसते. पण सकाळी दर्यातून उतरलेला मासा दुपारी पानात पडणं ही गोष्टच निराळी. आणि नेमकं तिथेच आपली माणसं फसतात. सकाळी सकाळी गाडी काढतात, चार तास घाटातून जातात, समोर दिसेल त्या मोठ्या पाटीच्या हॉटेलात शिरतात, सुरमई फ्राय आणि पापलेट फ्राय मागवतात. म्हणजे बेळगावात मिळतं तेच, चार पैसे जास्त मोजून खाऊन परत येतात.

"कारवारात मासे कुठल्या हॉटेलात खावेत?" हे मला ओळखीतले लोक कायम विचारतात. माझं म्हणणं असं की हॉटेल सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी महिना बघायचा, मग त्या महिन्यात कुठला मासा चांगला ते बघायचं, मग किती वाजता पोचायचं ते, आणि मग हॉटेल. या क्रमाने गेलात तर साध्या खानावळीतही मन भरून जेवाल. क्रम उलटा झाला तर नावाजलेल्या ठिकाणीसुद्धा फ्रीजरमधला तुकडा ताटात येऊ शकतो.

कारवारच का? पणजी आणि मालवण आपल्याला दूर नाहीत, आणि तिथलं जेवण उत्तमच. पण कारवारला काळी नदी समुद्राला मिळते, त्यामुळे दर्याचा मासा आणि खाडीचा मासा दोन्ही एकाच बाजारात दिसतात. शहर लहान आहे, बंदर, बाजार आणि खानावळी हाकेच्या अंतरावर. आणि बोली कोंकणी असली तरी मराठी बऱ्याच जणांना कळते, त्यामुळे विक्रेत्या बाईशी दोन शब्द बोलता येतात. मासे खायला शिकायचं तर हे बोलणं फार कामाला येतं.

१. आधी महिना बघा

कर्नाटकच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. गोव्यातही तेच. हा माशांच्या विणीचा काळ, आणि दर्याही खवळलेला असतो. लहान पारंपरिक होड्यांना सूट असते, पण त्यांचा मासा थोडा.

आता पहिली फसगत इथेच होते. जुलैत पावसाची मजा घेत कारवारला गेलात आणि मेनूत "फ्रेश सुरमई" दिसली, तर ती कारवारच्या बोटीची असण्याची शक्यता फार कमी. ती एक तर कोल्ड स्टोअरेजमधली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने आलेली. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणजे आपल्याकडे बोटी बांधलेल्या असतात तेव्हा तिकडच्या बोटी पाण्यात उतरलेल्या असतात. लांबून आलेल्या मासळीबद्दल शंका घेणं काही वेडेपणाचं नाही. जुलै २०१८ मध्ये मासा टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरतात अशा तक्रारींवरून गोवा सरकारने बाहेरच्या राज्यांतून येणारी मासळी काही काळ बंदच केली होती.

म्हणून पावसाळ्यात जायचं तर खाडीचा मासा खायचा. शेवटो (बोय), चणक आणि कुर्ल्या म्हणजे खेकडे या दिवसांत मागा. चणक म्हणजे आपल्या मराठीतला जिताडा. पावसात खाडीतला चणक मिळाला तर सुरमईची आठवण येणार नाही, हे मी जबाबदारीने सांगतो.

ऑगस्टमध्ये बोटी दर्यात गेल्या की सुरुवातीला कोळंबी चांगली येते. कारवारात तिला सुंगटं म्हणतात. मात्र गौरी-गणपतीच्या दिवसांत जाऊ नका. घरोघरी मासे बंद असतात, बाजार ओस आणि बऱ्याच खानावळीही बंद. गणपती झाले की डिसेंबरपर्यंत बांगडा आणि तारली खायचे दिवस. पावसाळ्यानंतरचा बांगडा तुपाळ असतो, तव्यावर त्याचं स्वतःचं तेल सुटतं. थंडीत इसवण म्हणजे सुरमई चांगली. पाऊस सरून पाणी खारं झालं की मे महिन्यापर्यंत तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं. एप्रिल-मे हा सुक्या मासळीचा काळ, त्याबद्दल पुढे.

तुम्ही पहिल्यांदाच जात असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी डोळे झाकून निवडा.

२. रस्ता आणि सोबत घ्यायच्या वस्तू

सरळ रस्ता बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा असा. सदाशिवगडाजवळ काळी नदी ओलांडली की कारवार. साधारण चार तास धरून चाला. अणशीचा घाट जंगलातून जातो, वळणं भरपूर, त्यामुळे जाता-येता दोन्ही वेळा तो उजेडातच पार करा. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद पडतो, निघण्याआधी जोयड्याकडच्या कुणाला तरी विचारून घ्या. घाट बंद असेल तर अनमोड घाटाने गोव्यात उतरून मडगाव, काणकोण, माजाळी असं जाता येतं. सदाशिवगड आणि कारवारमधला काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्यामुळे पुलाजवळ कधी कधी खोळंबा होतो. दुपारच्या जेवणाची वेळ गाठायची असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा.

गोव्याच्या बाजूने कारवारला येणार असाल तर माजाळीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. परवान्याशिवाय गोव्याची दारू गाडीत ठेवू नका.

सोबत हे घ्या:

गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. मुक्काम करणार असाल तर सगळ्यांची आधार कार्डं, लॉजवर मागतात.
थर्माकोलचा किंवा प्लास्टिकचा झाकणाचा डबा, खाली पाणी सोडायला भोक असलेला.
जाड प्लास्टिक पिशव्या, एक ओलं करायला गोणपाट, जुनी वर्तमानपत्रं.
सुट्टे पैसे. आता मोबाईलवर पैसे सगळीकडे चालतात, पण बाजारात टोपली घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईला नोट दिलेली बरी.
ज्यांना घाट लागतो त्यांच्यासाठी लिंबू किंवा गोळी. परतताना पोटभर जेवून लगेच अणशी चढू नका, तासभर टागोर बीचवर बसा आणि मग निघा.

कुणाला कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी असेल तर हॉटेलात ते आधी सांगा. एकाच तव्यावर सगळं तळतात.

३. हॉटेलाआधी बाजार

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. तुम्हाला एक मासाही विकत घ्यायचा नसला तरी जेवणाआधी मासळी बाजारात एक चक्कर मारा. आज काय आलंय ते डोळ्यांनी बघा. बाजारात ढिगाने जो मासा दिसतो तोच त्या दिवशी खानावळीत ताजा असणार, आणि जो बाजारात औषधालाही नाही तो हॉटेलात "फ्रेश" कसा असेल?

बोटींचं वेळापत्रक थोडं समजून घ्या. जाळी टाकून मासे धरणाऱ्या छोट्या बोटी बऱ्याचदा संध्याकाळी जातात आणि पहाटे परत येतात. खाडीचा मासाही सकाळीच येतो. म्हणून शहरातल्या बाजारात सकाळी आठ ते दहाच्या सुमाराला विविधता सगळ्यात जास्त. बांगडा-तारलीचे मोठे पर्सिन जाळ्यांचे (थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्यांचे) बोटवाले आणि त्याच दिवशी परतणारे ट्रॉलर दुपारनंतर, संध्याकाळकडे बैतखोलच्या बंदरात लागतात. शिवाय मोठे ट्रॉलर असतात, ते कित्येक दिवस दर्यातच असतात आणि मासा बर्फात ठेवून आणतात. म्हणजे "बंदरावरून आणलाय" एवढ्याने मासा आजचा ठरत नाही. "एका दिवसाच्या बोटीचा का?" हे विचारा. विचारणारा माहीतगार आहे हे समोरच्याला कळतं आणि उत्तर नीट मिळतं.

किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर थांबाच. अर्धवर्तुळात लांबच लांब जाळं टाकून दोन्ही टोकांनी माणसं ते ओढत किनाऱ्याला आणतात. जाळं वाळूवर आलं की त्यात उड्या मारणारी बारीक मासळी, मधूनच एखादा खेकडा, एखादा लेपो, म्हणजे चपटा मासा. तिथल्या तिथे वाटे पडतात. त्यातला एखादा वाटा मिळाला तर याहून ताजं जगात काही नाही.

बंदराकडे जाताना एक पक्कं लक्षात ठेवा: कारवारला नौदलाचा आयएनएस कदंब तळ आहे. त्या भागात, आर्गा-बिणगाच्या बाजूला, फोटो काढू नका आणि मुलांनाही काढू देऊ नका. हटकतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

रविवारी कारवारचा आठवडी बाजार असतो. गर्दी आवडत असेल तर मजा आहे, शांतपणे बघायचं असेल तर मधला वार निवडा.

बाजारात बोलायचं कसं? "मावशी, आज काय चांगलं आहे?" एवढं पुरतं. कोंकणीत "आज कसलें नुस्तें आसा?" म्हणालात तर चेहरा लगेच खुलतो. बारीक मासळी वाट्यावर, बांगडे शंभराला इतके असे नगावर, आणि मोठा मासा अख्खा किंवा वजनावर. घासाघीस करा, पण दुपारपर्यंत उन्हात बसणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नका.

४. ताजा मासा ओळखायचा कसा

बांगड्यावर शिका, तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक. मासा उजव्या हातात घ्या आणि डाव्या अंगठ्याने कल्ला उचला. आत लालभडक, ओलसर, पाकळ्या सुट्या दिसल्या तर मासा आजचा. तपकिरी, चिकट, राखाडी असेल तर ठेवून द्या. मग डोळा बघा: फुगीर आणि चकचकीत हवा, खोल गेलेला आणि धुरकट नको. पाठीवर बोटाने दाबा, खळगा लगेच भरून आला पाहिजे. शेपटीकडून आडवा धरला तर ताजा बांगडा ताठ राहतो, शिळा मान टाकतो. वास समुद्राचा यावा. मासळीचा उग्र वास म्हणजे शिळेपणाचा वास, "माशाला असाच वास असतो" ही बेळगावात रुजलेली समजूत सोडून द्या.

बर्फातला मासा म्हणजे खराब मासा, असंही नाही. पकडल्या पकडल्या बर्फात गेलेला मासा उन्हात तीन तास पडलेल्या "ताज्या" माशापेक्षा कितीतरी बरा. वाईट तो एकदा वितळून पुन्हा गोठवलेला. त्याचं मांस शिजल्यावर भुसभुशीत लागतं आणि ताटात पाणी सोडतं.

बांगडा, तारली आणि कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत जरा जास्त जपा. हे मासे उन्हात फार वेळ राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि ते तळून-उकळून जात नाही. खाताना जीभ मिरी लागल्यासारखी चुरचुरली, तोंड लाल झालं, अंगावर चट्टे उठले, तर खाणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरकडे जा.

तिसऱ्या आणि खुबे जिवंतच घ्यायचे. शिंपलं घट्ट मिटलेलं हवं, उघडं असेल तर टिचकी मारून बघा, मिटलं तर जिवंत. कुर्ली हातात घेतल्यावर जड लागली पाहिजे. आकाराने मोठी आणि वजनाला हलकी म्हणजे आत मांस नाही.

५. मागवायचं काय

आपल्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कारवारात पहिल्या जेवणाला सुरमई-पापलेट मागू नका. वाईट असतात म्हणून नव्हे. ते मासे सगळीकडे जातात, मुंबईला जातात, परदेशी जातात, बेळगावलाही येतात. कारवारातच खाण्यासारखं जे आहे ते वेगळं.

पहिली नोगली. कुणी मुडदुशी म्हणतं, कन्नडात काणे. बोटभर जाडीचा, लांबट, वाळूच्या रंगाचा मासा. रव्यात घोळवून तळलेली गरम नोगली ताटात आली की घाई करू नका. पाठीच्या मध्यरेषेवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटाने हलकेच दाबत जा, मांस दोन्ही बाजूंना सुटतं. मग शेपटी धरून उचलली की काटा अख्खाच्या अख्खा वर येतो. खाली राहतं ते पांढरं, गोडसर, कापसासारखं मऊ मांस. काट्याला घाबरणाऱ्या मुलांना मासे खायला शिकवायचे तर नोगलीपासून सुरुवात करा.

दुसरं, बांगड्याची तिरफळ घातलेली आमटी. ओलं खोबरं, ब्याडगी मिरची, धणे, चिंच किंवा आमसूल, आणि वर ठेचलेली तिरफळं. मिरची आपल्याच मुलखातली आहे, म्हणून रंग ओळखीचा वाटतो, पण चव पूर्ण वेगळी. बेळगावकडच्या कांदा-लसूण मसाल्याच्या झणझणीत रश्श्याची अपेक्षा धरून बसलात तर हिरमोड होईल. आणि कृपा करून "जरा तिखट करून आणा" म्हणू नका. खोबऱ्याची गोडी, आमसुलाची आंबट धार आणि तिरफळाचा जिभेला येणारा मंद झिणझिणा, हे सगळं त्या एका चमचाभर जादा तिखटात मरतं. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढून ठेवायचं. ही आमटी उकड्या तांदळाच्या जाड भाताबरोबरच खा. बासमती किंवा चपाती मागाल तर मिळेल, पण जोडी जमत नाही.

मग तिसऱ्यांचं सुकं: खोबरं घालून कोरडसर केलेलं, शिंपल्यांसकट. शेवट्याचं हुमण, म्हणजे खोबऱ्याची आमटी. थंडीत तारली तव्यावर. बांगड्याचीच उडदामेथी मिळाली तर सोडू नका, उडीद आणि मेथी परतून केलेली ही आमटी सारस्वत घरांतून आली आहे आणि प्रत्येक खानावळीत नसते. ताटात किसमूर असेल, म्हणजे सुकी कोळंबी आणि खोबऱ्याचा कुस्करा, तर ती भातात कालवून खा. सोलकढी शेवटी.

पाट्या आणि मेनू कन्नडात असतील तर चार नावं पाठ ठेवा: बंगुडे म्हणजे बांगडा, अंजल म्हणजे सुरमई, सिगडी म्हणजे कोळंबी, काणे म्हणजे नोगली. पुष्कळ भागतं.

६. आता खानावळ

कारवारात अमृत आणि श्वेता लंच होम ही नावं मासे खाणाऱ्यांना ठाऊक आहेत, विचारलं की कुणीही रस्ता दाखवतं. पण नाव माहीत नसलेल्या ठिकाणीही नीट जेवता येतं, काही गोष्टी बघितल्या तर.

दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान जा. दोननंतर चांगला मासा संपलेला असतो आणि मग ताटात उरलंसुरलं येतं. आत कोण बसलंय ते बघा: कचेरीतले लोक, रिक्षावाले, बंदरावरची माणसं असतील तर निर्धास्त बसा. नुसत्या बाहेरगावच्या गाड्या दारात असतील तर जरा विचार करा. भला मोठा मेनू, त्यात बारा महिने बारा प्रकारचे मासे, हे मला खटकतं. फळ्यावर खडूने लिहिलेली चार नावं असतील तर मला ती जागा आवडते, कारण ती रोज पुसली जातात.

"मासा ताजा आहे का?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "नाही" असं उत्तर जगात कुणी देत नाही. विचारायचं असं: "आज काय आलंय?" "ताटात कुठला मासा आहे?" "हा सकाळचा का कालचा?" आणि सकाळी बाजारात जो मासा बघितला त्याचं नाव घेऊन, "आज नोगली दिसली बाजारात, आहे का तुमच्याकडे?" वाढणारा माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो. एखादा हळूच म्हणतो, "आज पापलेट नको घेऊ, बांगडा घे." त्याचं ऐका.

तळलेल्या माशाबद्दल शंका असेल तर रवा फ्राय नको, तवा फ्राय मागा. रव्याच्या जाड थराखाली शिळेपणा लपतो, नुसत्या मसाल्यात तव्यावर भाजलेल्या माशात तो लपत नाही.

मुक्काम घरगुती ठिकाणी करणार असाल तर फोनवर आधीच विचारून ठेवा, "आम्ही बाजारातून मासा आणला तर करून द्याल का?" जमत असेल तर उत्तमच: मासा तुमच्या पसंतीचा, हात तिथल्या बाईचा. त्यांना किमान दोन तास आधी मासा द्या, आणि करणावळ आधी ठरवा.

पुढे गोव्यात किंवा तळकोकणात जाणार असाल तर एवढंच सांगतो: पणजीत रिट्झ क्लासिक, कोकणी कँटीन आणि ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम, मालवणात चैतन्य. वर सांगितलेले प्रश्न तिथेही तसेच विचारा.

७. बिलाच्या वेळची कुरबुर टाळा

थाळीचा भाव ठरलेला असतो, त्यात सहसा भात, आमटी, एक छोटा तळलेला मासा किंवा तुकडा, भाजी आणि सोलकढी येते. भांडण होतं ते "साइझप्रमाणे" लिहिलेल्या माशावरून. पापलेट, अख्खा चणक, मोठी कुर्ली, शेवंड (लॉब्स्टर) यांच्यापुढे मेनूत आकडाच नसतो. मागवण्याआधी कच्चा मासा ताटलीत दाखवायला सांगा आणि "याचे किती होतील?" असं त्या माशाकडे बोट दाखवून विचारा. लाज बाळगू नका, तिथले लोकही असंच विचारतात. चौघे असाल तर चार थाळ्या आणि वर दोन वेगळे मासे मधे घ्या, भरपूर होतं.

आणि टीचभर पापलेट, बारकी सुरमई पुढे आली तर नको म्हणा. पोर मासा खाल्ला तर पुढच्या वर्षी मोठा कुठून येणार? बंदरावरच्या जुन्या माणसांना याचं फार वाईट वाटतं, आणि मलाही.

८. घरी आणायचं असेल तर

परत निघायच्या अगदी आधी घ्या. बाजारातच साफ करून मिळतो. कल्ले आणि पोटातली घाण काढायला सांगा, पण तुकडे घरी करा, अख्खा मासा जास्त टिकतो. बर्फ आणि मासा वजनाला सारखा: दोन किलो मासा तर दोन किलो बर्फ. डब्यात तळाला बर्फ, वर मासा, पुन्हा बर्फ, असे थर. वितळलेलं पाणी भोकातून बाहेर गेलं पाहिजे, त्या पाण्यात मासा पोहत राहिला तर मऊ पडतो. बसने येणार असाल तर भोक बुजवा, डबा दोन पिशव्यांत घाला आणि पाणी वाटेत थांब्यावर ओता. पाणी गळलं तर कंडक्टर आणि शेजारचे प्रवासी दोघेही ऐकवतात.

कुर्ल्या बर्फात ठेवू नका. नांग्या बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळा, हवा लागू द्या. घरी पोचेपर्यंत मेलेली कुर्ली फार लवकर खराब होते, ती टाकून द्या, पैसे गेले तरी चालतील. तिसऱ्याही ओल्या फडक्यात, पाण्यात नव्हे.

उन्हाळ्यात जात असाल तर सुकी मासळी जरूर आणा. पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुके बांगडे, सुकी सुंगटं तेव्हा ढिगाने असतात. हाताला ओलसर लागणारी घेऊ नका. अंगावर गुलाबी-लालसर डाग दिसले तर ती खराब व्हायला लागलेली आहे. वाळूवर वाळवलेली नको, मांडवावर किंवा जाळीवर वाळवलेली मागा, नाहीतर दाताखाली कचकच येते. घरी आणल्यावर एक कडक ऊन दाखवून हवाबंद डब्यात ठेवा.

बेळगावात पोचलात की आधी कुर्ल्या आणि तारली, त्याच रात्री. बांगडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. सुरमईचे तुकडे बर्फात आणखी एक दिवस थांबतील. तिसऱ्या लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून तासभर भिजत ठेवा, म्हणजे त्या वाळू सोडतात. नळाच्या अळणी पाण्यात ठेवल्या तर मरतात. मग झाकण घालून वाफेवर ठेवा, आणि जी शिंपली शिजूनही उघडत नाहीत ती जबरदस्तीने उघडू नका, फेकून द्या.